बंद न होणारी बॅटरी

मी आयुष्यात स्वतःच्या हाताने बनवलेली पहिली वस्तू चालली. इतकी चालली की थांबेचना. पुढे सगळी नोकरी मी लेथवर आणि नंतर तपासणीच्या टेबलावर काढली, लोकांनी कातून आणलेल्या जॉबवर लाल खडूने फुल्या मारल्या, नव्या पोरांना उभं करून चार शब्द सुनावले. पण सुनावताना प्रत्येक वेळी ती बॅटरी मनात यायची आणि पाचवा शब्द तोंडातच राहायचा. आता गुडघे बोलतात आणि कान ऐकत नाहीत, तेव्हा ती हकीकत एकदाची लिहून टाकते. नात विचारते, "आजी, बॅटरी म्हणजे टॉर्च ना?" हो बाई, टॉर्च. आमच्याकडे आत घालायचे ते सेल आणि हातात धरायची ती बॅटरी. तुमच्या मोबाइलला पाठीमागे असते ती वेगळी, तिला अजून माझ्या लेखी नाव नाही.

आमचं घर सातपूरला, कामगारांच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं. शेजारीपाजारी सगळे कारखान्यांत. सकाळी सातला भोंगा झाला की गल्लीतून सायकलींची रांग निघायची आणि आमचे बाबा तेवढे निवांत दाढी करत बसलेले असायचे. ते शहरातल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. खाकी शर्ट, दोन मोठे खिसे, एका खिशात खारे दाणे आणि दुसऱ्यात पत्र्याची दोन सेलची बॅटरी. ती बॅटरी इतकी पोचे पडलेली होती की तिला सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे घालून एकत्र धरलेलं होतं. पण बाबांचं ते हत्यार होतं. अंधारात उशिरा आलेल्या माणसाला ते असे न्यायचे की शेजारच्याला कळायचंसुद्धा नाही. काचेवर बोट आडवं धरायचं, उजेड फक्त पायरीवर पडू द्यायचा, आणि बत्ती कधीही कुणाच्या तोंडावर मारायची नाही. "माणूस अंधारात कुणाबरोबर येतो, आपल्याला काय करायचं," असं म्हणायचे. बाबा मूळचे निफाडकडचे, त्यामुळे शहरात इतकी वर्षं काढूनही 'हाय' आणि 'नाय' सुटलं नव्हतं. सिनेमातले संवाद मात्र शुद्ध बोलायचे, कारण एकेक सिनेमा त्यांनी शंभरदा पाहिलेला, तोही दाराजवळ उभं राहून, तिरका.

आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं पायमशीन, त्याच्या खाली चिंध्यांची गोणी, आणि फळीवर बिस्किटांच्या पत्र्याचा डबा, ज्यात बटणं, हूक, खडू, आणि घरातले सगळे महत्त्वाचे कागद एकत्र असायचे. बटणांच्या डब्यात रेशनकार्ड का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. दिवसभर ते मशीन खडखडत असायचं आणि त्या तालावर आमचं घर चालायचं. मशीन थांबलं की समजायचं, एकतर भाकरी टाकायची वेळ झाली किंवा कुणावर तरी संकट आलं. बाजरीची भाकरी, सुकटीचं कालवण आणि वर शेंगदाण्याची चटणी, हे आईने पाच मिनिटांत पुढ्यात ठेवलेलं मला अजून नाकाला जाणवतं. आईची एक सवय सांगून ठेवते. ती कापड असो की कागद, नेहमी कोपऱ्यातून कापायची. मधून कापलं तर उरलेलं कशाच्या कामाचं राहत नाही, म्हणायची. आमच्या घरात वर्तमानपत्रसुद्धा कोपऱ्यापासून संपायचं.

अशा घरात मी आयटीआयला टर्नरच्या, म्हणजे लेथवर लोखंड कातायच्या, ट्रेडला नाव घातलं. का घातलं याचं मी पुढे मुलाखतींत फार सुंदर उत्तर द्यायची. खरं कारण असं की फॉर्म भरायच्या दिवशी वर्कशॉपच्या दारातून एक लेथ चालताना दिसला, लोखंडाची साल सोलावी तशी निघत होती, निळी, वळ्यावळ्यांची, आणि मी वेड्यासारखी बघत राहिले. बाबांनी सही केली. आईने केली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: घरात मशीन आहे, गिऱ्हाईक आहे, शिकवायला मी आहे; आयटीआयलाच जायचं तर शिवणाचा ट्रेड घे, सर्टिफिकेट मिळेल, घरी बसून कमावशील. तिथे वीस पोरांत एकटी उभी राहून तू काय करणार? मी काय करत होते ते आईला रोज दिसत होतं. मी घरी कीस आणत होते. लोखंडाचा कीस. ॲप्रन झटकला तरी तो वेणीत राहायचा, सलवारीच्या शिवणीत राहायचा, आणि एकदा तर गिऱ्हाइकाच्या ब्लाउजात जाऊन बसला आणि आईची सुई मोडली. त्या दिवशी मशीन थांबलं.

"चार महिने झाले," आई म्हणाली. "घरात काय आलं? कीस."

मी म्हणाले, अजून आम्ही नुसते लोखंडी गजाचे गोल सिलिंडर घासतोय, पुढे वस्तू बनवू. आईने डब्यातून एक छापील कागद काढला. ट्रेड बदलायचा फॉर्म. तिने तो शेजारच्या मुलाकडून आधीच मागवून, माझं नाव भरून, खाली स्वतःची सही करून ठेवला होता. मधल्या ओळीत, 'बदलून हवा असलेला ट्रेड' असं होतं तिथे, तिच्या टपोऱ्या अक्षरात शिवणकाम लिहिलेलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवडाभर आयटीआयत तो घेणार होते. "तोवर एक वस्तू आण," आई म्हणाली. "घरात वापरता येईल अशी, चालणारी. आणलीस तर मी पुन्हा बोलणार नाही. नाही तर माझ्या सहीखाली तू सही करायची." बाबा खारे दाणे सोलत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक दाणा पुढे केला. एवढीच त्यांची बाजू.

चालणारी वस्तू म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली आली ती बाबांची बॅटरी. माझं डोकं तेव्हा लहान आणि फुगलेलं होतं. शहरातल्या रविवार कारंज्याजवळच्या एका हातगाडीवरून मी सगळ्यात स्वस्तातली पत्र्याची बॅटरी घेतली, तशीच दोन सेलची, आणि ठरवलं की हिचं असं काही करायचं की थिएटरचा मॅनेजरसुद्धा बाबांना विचारेल, साळवे, कुठून आणलीत? आमचे सोनवणे सर म्हणजे कडक गृहस्थ, पण हाताला काम मागणाऱ्याला नाही म्हणत नसत. त्यांनी भंगारातला ॲल्युमिनियमचा एक जाड पाइप आणि पितळेचे तुकडे दिले आणि प्रॅक्टिकल संपल्यावर रोज अर्धा तास लेथ दिला. "साळवे, करतेयस काय ते आधी कागदावर काढ," ते म्हणाले. मी काढलं. चित्र इतकं सुंदर काढलं की त्याच्याच प्रेमात पडले.

पत्र्याच्या नळीवर मी ॲल्युमिनियमची बाही चढवली. स्विचसाठी तिला कानशीने चौकोनी खाच पाडली. पकडीच्या जागी नर्लिंग केलं, म्हणजे हातातून घसरू नये म्हणून काढतात ती बारीक चौकटीची जाळी. पुढचं तोंड पितळेचं, मागचं झाकण पितळेचं, आणि त्या झाकणाचे आटे मी चार वेळा बिघडवून पाचव्यांदा काढले. ते झाकण मग लोण्यात फिरल्यासारखं फिरायला लागलं. वर्गातली पोरं सुरुवातीला हसली. एक जण म्हणाला, "बाई देव्हाऱ्यातली समई करताहेत." नंतर त्यांच्यातलेच दोघे रोज थांबून बघायला लागले आणि मी त्यांना, जणू तीस वर्षं धंद्यात असल्यासारखी, मायक्रॉनच्या गोष्टी सांगू लागले. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

आणि मग ती चकती. बॅटरीच्या काचेमागे चकचकीत वाटी असते ना, जिच्यात बल्ब बसतो, तिच्या कडेला एक काळी प्लास्टिकची चकती होती. मेणचट, एका बाजूला वेडीवाकडी कापलेली. माझ्या पितळी तोंडात ती अशी दिसायची की जरीच्या साडीला पोत्याचं ठिगळ. ती मी काढून फेकली आणि तिच्या जागी पितळेची चकती बनवली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून. टिचकी मारली की आत जाऊन बसायची. सोनवणे सरांनी पूर्ण बॅटरी हातात घेतली, वर्नियर, म्हणजे आमचा मापाचा चिमटा, लावला, नर्लिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फिनिशिंग चांगलं आहे." सर फिनिशिंग चांगलं आहे असं वर्षातून दोनदा म्हणायचे. मी घरी जाताना सायकल चालवत होते की उडत होते, मला ठाऊक नाही. बॅटरीत सेल घालून बघावेत हे मात्र माझ्या मनालाही शिवलं नाही. सेल बाबांच्या बॅटरीत होते आणि माझ्या हातात वर्नियर होता. ज्याच्या हातात वर्नियर असतो त्याला वाटतं, मोजलं म्हणजे झालं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी दोन पास आणले, दुपारच्या बाराच्या खेळाचे. आई सहसा सिनेमाला यायची नाही. अंधारात तीन तास हात रिकामे ठेवून बसणं तिला जमायचं नाही. पण मी हट्ट धरला, कारण माझा बेत ठरलेला होता: थिएटरच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, बाबांच्या हातात बॅटरी द्यायची आणि आईने ते बघायचं. तसंच झालं. मी बॅटरीवर गुंडाळलेला कागद सोडला. तळपत्या उन्हात ते पितळ असं चमकलं की पानवाल्यानेसुद्धा मान वर केली. बाबांनी जुन्या बॅटरीतले सेल काढले, नवीत घातले, झाकण लावलं, दोनदा नुसतंच मागेपुढे फिरवून पाहिलं. मग काचेवर तळहात धरून स्विच पुढे सरकवला. हाताखाली पिवळं दिसलं. "पेटली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा वेगळा होता. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "पेटली खरी." तेवढ्यात घंटा झाली. बाबांनी स्विच मागे ओढला, बॅटरी खिशात टाकली आणि दाराकडे गेले. पेटली का हे सगळेच बघतात. विझली का, हे भर उन्हात कोण बघतं?

आम्ही बसलो. अंधार झाला, पडदा उजळला, आणि दुसरा एक उजेड उजव्या दाराशी राहिला. बाबांच्या छातीवर खिसा पेटला होता. खाकी कापडातून नारिंगी गोल दिसत होता आणि वर बाबांची हनुवटी. आधी मला कळलंच नाही. मग बाबांनी बॅटरी बाहेर काढली, स्विच मागे केला, पुढे केला, मागे केला. तिच्यावर काडीचा परिणाम नाही. त्यात मी ती वाटी पॉलिश करकरून अशी चकचकीत केली होती की उजेडाचा झोत थेट बाल्कनीत गेला, तिथून छताला, तिथून चौथ्या रांगेतल्या एका जोडप्यावर. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या तोंडावर बत्ती मारली नव्हती, त्याने एका मिनिटात निम्मं थिएटर बघून घेतलं. शिट्ट्या सुरू झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ए बॅटरी, सिनेमा तिकडं चाललाय." मॅनेजर धावत आला. "साळवे, काय प्रकार आहे हा?" बाबांचा आवाज शांत होता. "नवीन हाय साहेब. अजून सवय नाय झाली."

मी खुर्चीत जितकी खाली जाता येईल तितकी गेले. आईची नजर पडद्यावरच होती.

"तुझीच ना?" तिने विचारलं.

"हो."

"चालते म्हणायची," आई म्हणाली.

खरं सांगते, त्या एका क्षणात मला लेथ दिसला, निळी साल दिसली, आणि डब्यातला तो फॉर्म दिसला. दाराशी मात्र बाबांनी काहीतरी शोधून काढलं होतं. उजेड गेला. थोड्या वेळाने उशिरा आलेलं एक कुटुंब दारात उभं राहिलं, तसा उजेड आला, पायरीवर, बोटाआडून, आणि पुन्हा गेला. पुढचे तीन तास तो येत राहिला आणि जात राहिला. सिनेमा कुठला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

खेळ सुटला, तशी बाबांची पाळीही संपली. तिघं सिटी बसने घरी आलो. बसमध्ये बाबांनी बॅटरी मला दाखवली. मागचं झाकण दीड आटा सैल केलं होतं. सैल केलं की आतला सेल सुटतो आणि बॅटरी विझते, आवळलं की लागते. तीन तास त्यांनी स्विचचं काम झाकणाकडून करून घेतलं होतं. "आटे लय भारी काढलेत गं," ते म्हणाले. "किती बार फिरवलं, कुठं अडकलं नाय." मी रडायला लागले. कंडक्टरने तिकिटाचे पैसे नसतील असं समजून दुसरीकडे पाहिलं.

घरी आल्यावर आईने चहा ठेवला नाही. ती मशीनपाशी बसली आणि म्हणाली, "आण ती इकडे." मला वाटलं, आता डबा निघणार. तिने बॅटरीचं तोंड फिरवून काढलं, वाटी बाहेर घेतली आणि पितळेची चकती दोन बोटांत धरून खिडकीकडे बघितली. जुन्या बॅटरीचे सेल गळले की आतलं सगळं पॉलिश कागदाने घासून पुसायचं काम वर्षानुवर्षं तिचंच होतं, हे मी साफ विसरले होते.

"इथे काळं काहीतरी असतं," ती म्हणाली. "ते कुठे गेलं?"

"ते प्लास्टिकचं होतं. मी पितळेचं केलं."

"का?"

"चांगलं दिसतं म्हणून."

आई माझ्याकडे बघत राहिली आणि ती बघत असतानाच मला समजलं. ती काळी चकती शोभेला नव्हतीच. वाटी बॅटरीच्या अंगाला टेकू नये, करंट स्विचमधूनच यावा, म्हणून ती मध्ये होती. मी मध्ये पितळ घातलं आणि करंटला हमरस्ता करून दिला. स्विच बिचारा नुसता पुढे-मागे होत होता. शाळेत सातवीला शिकवतात हे. मी वर्नियरवाली बाई, मला कशाला आठवतंय.

"आमच्यात ट्रायल घेतात," आई म्हणाली. "कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघतात, मग पक्की शिलाई. तुमच्यात नाही का घेत?"

मी मान खाली घातली. पुढे तपासणीच्या टेबलावर बसल्यावर पोरांनी मला 'ट्रायलबाई' असं नाव ठेवलं होतं. माझ्या कानावर आलं तेव्हा मी रागावल्याचं नाटक केलं.

आईने डबा खाली घेतला. बटणं बाजूला सारली आणि तो फॉर्म काढला. मी पेन शोधायला उठले. सही करून मोकळं व्हावं, असं मला खरोखरच वाटलं. चालणारी वस्तू आणायची होती आणि मी सगळ्या थिएटरला दिसेल अशी नापास झाले होते. "बस खाली," आई म्हणाली. तिने फॉर्म मशीनवर पसरला. पितळेची चकती त्याच्यावर ठेवली, खडूने बाहेरून गोल काढला, आतून गोल काढला, आणि कात्री उचलली. कागदाचं माप तयार झालं. मग चिंध्यांच्या गोणीतून जुन्या पिशवीच्या रेक्झिनचा तुकडा ओढला, दुहेरी केला, मापाबरहुकूम दोन गोल कापले आणि ते एकमेकांवर ठेवून मशीनवर शिवले. खड खड खड, एवढासा गोल, सुई एकदाही थांबली नाही. माझ्या चकतीला चार दिवस लागले होते.

ती रेक्झिनची चकती वाटीच्या कडेला बसवली, तोंड आवळलं. "आता ट्रायल," आई म्हणाली. बाहेर लख्ख ऊन होतं, म्हणून बाबांनी पलंगावरची गोधडी ओढली आणि आम्ही तिघं तिच्यात डोकी घालून बसलो, मी मध्ये. आत नॅप्थलीनचा आणि बाबांच्या दाण्यांचा वास.

"पेटव," आई म्हणाली. पेटली.

"विझव." विझली.

"परत." असं तिने माझ्याकडून दहा वेळा तरी करून घेतलं. अंधारात बाबा हसत होते, ते गोधडी हलल्यावरून कळत होतं.

बाहेर आल्यावर मी जमिनीवर पडलेला फॉर्म उचलला. माझं नाव वर तसंच होतं. खाली आईची सही तशीच होती. चारी कोपरे कोरे होते, चकतीचं माप कुठल्याही कोपऱ्यात आरामात बसलं असतं. भोक बरोबर मध्ये पडलं होतं, ज्या ओळीत तिने शिवणकाम लिहिलं होतं तिथे.

मी तो कागद तिच्यापुढे धरला. तिने चष्म्यावरून एकदा पाहिला.

"वाया गेला," आई म्हणाली. "दुसरा आणू नको." आणि मशीनवर अर्धा राहिलेला ब्लाउज ओढून घेतला.